उजवा पाय न खरवडण्याबाबत

प्रति,
मा. जतन अधिकारी,
जुन्या वास्तू व मूर्ती जतन कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली.

विषय : पॅरिश चर्चच्या मुख्य वेदीवरील आश्रयदात्या संतांच्या मूर्तीचा उजवा पाय आहे तसाच राहू देणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाने चर्चच्या दाराशी लावलेली कामाची सूचना.
२) अर्जदाराचा याआधीचा अर्ज.
३) त्यावर आलेले आपले दीड ओळीचे उत्तर.

महोदय,

खाली सही करणारी बाई, वय अठ्ठावन्न, काम उपरोक्त चर्चची झाडलोट व मूर्तींची पुसपास, अनुभव चौतीस वर्षे, आपणांस दुसऱ्यांदा अर्ज करीत आहे. दुसऱ्यांदा करावा लागला, कारण पहिल्या अर्जात अर्जदाराने खोटे लिहिले होते.

१. पहिल्या अर्जात म्हटले होते की मूर्ती खरवडल्याने धूळ उडते, धुळीने अर्जदाराचा घसा धरतो, सबब काम थांबवावे. आपल्या कार्यालयाने कळवले की तांत्रिक कामात अडथळा आणू नये व तोंडाला फडके बांधावे. अर्जदाराने फडके बांधले. घसा ठणठणीत आहे. त्याला मुळात काही झालेच नव्हते, हे आपण ओळखले असेल तर आपले कौतुक आहे. या वेळी खरे लिहायचे ठरवले आहे. खरे लिहायला कागद जास्त लागतो, तरी शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

२. आपण पाठवलेल्या जतनतज्ज्ञ मॅडमविषयी अर्जदाराची एका शब्दाची तक्रार नाही. नऊ म्हणजे नऊला येतात, कपाळाला दिवा बांधतात, दाताच्या डॉक्टरकडे असतात तसल्या बारीक सुऱ्या घेऊन कामाला लागतात, आणि डबा खाल्ला की टेबल स्वतः पुसतात. आपल्या सूचनेत "नंतरच्या काळातील भर काढून मूर्तीचे मूळ रूप उघडे करणे" असे लिहिले आहे. मॅडमनी डाव्या पायापासून सुरुवात केली. भर निघाली. खालून जे मूळ रूप निघाले ते म्हणजे सोनेरी मुलाम्याचा, उंच टाचेचा, बकल लावलेला बूट. या आठवड्यात मॅडम आपल्याच कार्यालयात अहवाल लिहायला बसल्या आहेत. सोमवारी सकाळी नऊला परत येऊन त्या उजवा पाय घेणार आहेत. तो घेऊ नये, एवढेच अर्जदाराचे मागणे आहे. बाकी मूर्तीचे डोक्यापासून गुडघ्यापर्यंत काय वाटेल ते करावे.

३. बुटाने एवढे काय बिघडले असे आपणांस वाटेल, म्हणून संतांचे चरित्र थोडक्यात सादर करीत आहे. आमचे संत पाणक्या होते. गाव डोंगरावर, विहीर पायथ्याशी, मध्ये दोनशे बारा पायऱ्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर, असे ते दिवसभर चढत-उतरत. सावकाराच्या घरी आणि आजाऱ्याच्या घरी पाणी एकाच मापाने. एका हिवाळ्यात विहिरीपाशी एक वाटसरू बसला होता, पायांच्या चिंध्या झालेल्या. संतांनी आपले बूट काढून त्याच्या पायांत घातले, वाद्या बांधून दिल्या, आणि घागर उचलून निघाले. पुढे एकोणीस वर्षे अनवाणी. कोणी नवे बूट आणून दिले तर तेही दिसेल त्या गरजूच्या पायांत जात. ज्या पहाटे ते वारले त्या पहाटे पायऱ्यांवर ओली पावले उमटलेली होती, थेट एका आजारी विधवेच्या दारापर्यंत, आणि तिची घागर काठोकाठ भरलेली होती. चरित्र एवढेच. त्यांनी लढाई जिंकली नाही की ग्रंथ लिहिला नाही. आमच्या पॅरिशमध्ये गवंडी, हमाल, कपडे धुणाऱ्या बायका, रात्रपाळीच्या नर्सेस अशी माणसे आहेत, आणि त्यांना हा संत आपल्यातला वाटतो. या चरित्रातून अनवाणी पाय काढले तर मागे फक्त पाणी उरते.

(इथवर लिहून अर्जदार वेदीपाशी एक चक्कर मारून आली. मॅडम आपल्या कार्यालयात आहेत, चर्चला कुलूप आहे, किल्ली अर्जदाराच्या कमरेला आहे, हे सगळे ठाऊक असूनही. पाय आहे.)

४. बूट दिसला त्या रविवारी मिस्साकडे कोणाचे लक्ष नव्हते. कपडे धुणाऱ्या बाईंनी फादरांसमोरच विचारले, "बूट देऊन टाकले होते ना? मग हा कुठून आला?" त्यावर गवंडी म्हणाला, "वाटसरूनं परत आणून दिला असेल. सगळेच काही बुडवे नसतात." दुपारपर्यंत तो चमत्कार झाला होता. पुढच्या रविवारी कोणीतरी वेदीपाशी बूटपॉलिशची डबी ठेवून गेले. सध्याचे फादर तरुण आहेत, त्यांना जुने काहीच ठाऊक नाही, ते म्हणाले, "सरकारी काम आहे मावशी, आपण कशाला मध्ये पडायचं?" शेवटी पॅरिश कौन्सिलच्या अध्यक्षांनी, जे निवृत्त मीटर-रीडर आहेत आणि आकडा जुळल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, बैठक बोलावून ठराव केला की संतांनी एकच बूट दिला. वाटसरूचा एकच पाय दुखत होता. दिलेला बूट उजवा. ठराव एकमताने मंजूर होऊन धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवूनही झाला, आणि पोरे आता एका पायात बूट घालून अंगणभर लंगडत असतात. अर्जदार फार शिकलेली नाही, पण तिला एवढे कळते की सोमवारी उजवा पायही खरवडला तर आमच्या संतांनी जन्मात कोणाला काहीच दिले नाही असे होईल.

५. आपणांस हे कारण पुरत असेल तर पुढचे वाचले नाही तरी चालेल. पण दीड ओळीचे उत्तर लिहिणाऱ्या हाताला ते पुरणार नाही अशी अर्जदाराला धास्ती आहे, म्हणून पुढचे लिहीत आहे. पुढचे आजवर चौघांनाच ठाऊक होते. दोघे वारले, एकाचे डोळे गेले, चौथी हा अर्ज लिहीत आहे.

६. एकोणपन्नास वर्षांपूर्वी आमच्या वेदीवर मूर्तीच नव्हती, नुसता एक कोनाडा होता. दूर कुठले तरी चर्च बंद पडले, तिथल्या जुन्या मूर्ती वाटायला काढल्या, आणि त्यांत आमच्या संतांची मूर्ती आहे असे पत्र आले. तेव्हाचे फादर, जे आता म्हातारे फादर म्हणूनच लोकांच्या आठवणीत आहेत, त्यांनी मिस्सात जाहीर करून टाकले. संतांच्या सणाला बारा दिवस उरले असताना खोके आले. वेदीमागच्या खोलीत, ज्या सॅक्रिस्टीत इस्त्रीच्या टेबलावर बसून अर्जदार आत्ता लिहीत आहे, तिथेच ते उघडले. गवतातून राजा निघाला. डोक्यावर मुकुट, एका हातात राजदंड, दुसऱ्यात पृथ्वीचा गोळा, अंगात जांभळा झगा आणि पायांत हे सोनेरी बूट. तोही कोणी संतच होता, पण आमचा नव्हता. खोक्यांची अदलाबदल झाली होती. परत घ्या म्हणून तार केली तर उत्तर आले की पाठवलेली मूर्ती परत घेतली जात नाही. कुठल्या तरी पॅरिशला राजाच्या जागी पाणक्या मिळाला असणार. त्यांनी त्याला बूट कसे चढवले याची अर्जदारास कल्पना नाही.

७. म्हाताऱ्या फादरांनी अर्जदाराच्या वडिलांना बोलावले. वडील पाट्या रंगवणारे पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळेचे फळे, गाड्यांचे नंबर. फादरांनी राजाकडे बोट केले आणि विचारले, "पेंटर, याला जरा कामाला लावता येईल का?" वडील मूर्तीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "लावतो. दार बंद ठेवा." अर्जदार तेव्हा नऊ वर्षांची होती आणि सरसाचे भांडे ढवळायला तिला आत घेतले होते, म्हणून तिने हे पाहिले. मुकुटाची टोके करवतीने उडवून उरलेल्या कड्यावर दोर गुंडाळला, त्याची चुंबळ झाली. राजदंडाला झाडूचा दांडा जोडला, काठी झाली. पृथ्वीवरचा क्रूस काढून वर तोंड कोरले, तिचा तांब्या झाला. घागरीएवढी पृथ्वी नव्हती, त्याला इलाज नव्हता. झग्यावर करडा रंग बसला. राजाच्या भुवया फार चढलेल्या होत्या, त्या उतरवायला एक आख्खा दिवस गेला. हे सगळे मॅडमना भिंगातून दिसेलच, आणि यात फसवणूक आहे असे आपण लिहाल तर अर्जदार नाकारणार नाही. फक्त एवढे लिहावे की यासाठी पेंटरने एक पैसा घेतला नाही आणि म्हाताऱ्या फादरांनी मरेपर्यंत सणाच्या दिवशी मूर्तीच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

८. राहिले पाय. बूट तासावे तर लाकूड कमी पडत होते, म्हणून वडिलांनी बुटावरच भुसा आणि सरस कालवून, पेंटर लोक भेगा बुजवायला वापरतात तसली लांबी चढवली आणि तिच्यातून पाय घडवायला घेतले. अक्षरे काढणारा हात तो, बोटे काही जमेनात. तीनदा घडवले, तीनदा मोडले. चौथ्या दिवशी ते घरून आईला घेऊन आले, खोके पालथे घातले आणि त्यावर तिला अनवाणी उभे केले. आई तीन दिवस उभी राहिली. उभी राहून बोलत होती. "आणखी किती वेळ? चुलीवर दूध ठेवून आलेय मी." "हलू नकोस." "माझे पाय संताला लावताय, आता मी चपला कुठल्या तोंडानं घालू?" वडील म्हणाले, "तोंडानं नाही, पायानं घाल," आणि ती इतकी हसली की उजव्या पायाचा अंगठा पुन्हा करावा लागला. महोदय, अर्जदाराने चौतीस वर्षांत कितीतरी प्रवचने ऐकली, पण देवाच्या घरात तसे हसणे पुन्हा ऐकले नाही.

९. आईच्या उजव्या पायाची करंगळी जन्मापासून शेजारच्या बोटाखाली दडून बसलेली होती. वडिलांनी ती तशीच्या तशी केली. ते म्हणाले, जे दिसतं तेच काढता येतं मला. पुढे चरित्र-पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली तेव्हा धर्मशिक्षणाच्या बाईंनी मूर्ती नीट पाहिली, आणि पान अकरावर नवा प्रसंग आला, की पायरीचा दगड निसटून संतांची करंगळी चेमटली, तरी त्यांनी घागर खाली ठेवली नाही. बाईंनी खोटे लिहिले नाही, पाहिले त्याचा अर्थ लावला. आज बाळंतीण असो की ऑपरेशनला निघालेला, आमची माणसे आधी त्या करंगळीला हात लावतात. आईला हे पुस्तक वाचायला मिळाले नाही. ती चर्चमध्ये आली की मागच्या बाकावर बसे आणि वेदीकडे पाहणे टाळे. सगळे पुढे जाऊन गुडघे टेकत, ही बसून राही. अर्जदाराने एकदा कारण विचारले तेव्हा म्हणाली, "स्वतःच्याच पाया कोण पडणार?"

(पुन्हा पाहून आली. पाय आहे. करंगळीवर थोडे मेण सांडले होते, ते नखाने काढले.)

१०. मूर्ती बसल्यानंतर दोन वर्षांनी आई अकरा दिवसांच्या तापाने गेली. तिचा फोटो एकच आहे, कोणाच्या तरी लग्नातला, आणि त्यात नेमकी तीच हलली आहे. चेहऱ्याच्या जागी पांढरा फराटा आहे. दफनभूमीत जागा कमी असल्याने आमच्याकडे सात वर्षांनी तीच जागा दुसऱ्याला देतात आणि निघाले ते एका सामाईक खड्ड्यात ठेवतात. तो नियम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. अर्जदाराने पाण्याच्या टाकीजवळ बसून स्वतःचे पायही तपासून पाहिले आहेत. ते वडिलांवर गेले आहेत. सबब आईचे म्हणून या जगात जे काही उरले आहे ते आपल्या सूचनेतील "नंतरच्या काळातील भर" या सदरात मोडते. अर्जदाराने झाडलोटीचे काम मागून घेतले ते याचसाठी. दर शनिवारी मऊ फडक्याने दोन्ही पाय पुसायचे, बोटांच्या फटींतून सुद्धा. पगार बरा नाही.

११. वडील आता सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. डोळे गेले त्याला नऊ वर्षे झाली. दर रविवारी मिस्सा संपून लोक पांगले की अर्जदार त्यांना वेदीपाशी नेते. ते आधी डाव्या पायावर हात ठेवतात, मग उजव्यावर, आणि करंगळी बोटांत धरून जरा वेळ उभे राहतात. बूट निघाल्यापासून अर्जदाराने त्यांना दोन रविवार घरीच ठेवले. एकदा गाडी मिळत नाही म्हणाली, एकदा फादर आजारी पाडले. तिसऱ्या रविवारी ते सकाळपासून बूट घालून दाराशी बसले आणि म्हणाले, "नेतेस की भिंत धरून जाऊ?" अर्जदाराने त्यांना मुद्दाम उजव्या पायापाशी उभे केले, पण सवयीचा हात डावीकडेच गेला. बकलावर पडला. त्यांनी बकल चाचपले, टाच चाचपली, मुलाम्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "चांगला बूट होता. झाकताना जिवावर आलं होतं." आणि हात सरकवत उजवीकडे आले. करंगळी सापडली. "ही कधी काढणार?" अर्जदाराने सांगितले, येत्या रविवारनंतरचा सोमवार. घरी आल्यापासून ते दर तासाला आज वार कोणता ते विचारतात. आज गुरुवार आहे. सकाळी घरून निघेपर्यंतच चार वेळा सांगून झाले.

१२. तरी आपणांस विनंती की,

(अ) उजवा पाय आहे तसा ठेवावा. अहवालात त्याला भर म्हणावे, चूक म्हणावे, फसवणूक म्हणावे, परंतु काढू नये. दोन्ही पाय एकसारखे दिसत नाहीत अशी कोणी तक्रार केल्यास वर नमूद केलेला पॅरिश कौन्सिलचा ठराव दाखवावा.

(ब) ते नियमात बसत नसल्यास सोमवारचे काम नऊऐवजी दहाला सुरू करावे. वडिलांना रविवारी आणू नये, सोमवारी आणावे, असे अर्जदाराने ठरवले आहे. शेवटचा हात शेवटीच लागावा.

(क) खरवडून निघालेली लांबी फेकू नये. करंगळीसकट कागदात बांधून अर्जदाराच्या हाती द्यावी. दफनभूमीच्या रखवालदाराने टाकीमागे हातभर जागा द्यायचे कबूल केले आहे. नोंदवहीत काय लिहायचे एवढेच तो विचारत होता. "पाय, उजवा" असे लिही म्हणून त्याला सांगितले आहे.

१३. मागणी (क) आपणांस विचित्र वाटेल, म्हणून तिचे कारण देऊन अर्ज संपवते. मॅडमनी डावा पाय एका शुक्रवारी सायंकाळी पुरा केला आणि मूर्तीवर पांढरे कापड टाकून त्या गेल्या. शनिवारी अर्जदार नेहमीप्रमाणे सहाला आली. सूचनेतली भर म्हणजे फक्त काजळी अशी तिची समजूत होती. कापडाखाली फरशीवर भुसकट पडले होते, ओंजळ-दोन ओंजळी. अर्जदाराने आधी फरशी झाडली. कोपरे सुद्धा झाडले. केरभरणीत भरून बाहेरच्या डब्यात ओतले, वर ओले फडके फिरवले. साडेसातला कचऱ्याची गाडी येऊन गेली. त्यानंतर पाय पुसायला म्हणून तिने कापड उचलले. बूट पाहिला आणि हातात फडके तसेच घेऊन रस्त्यावर धावली, तेव्हा गाडी कोपरा वळून गेली होती. वडिलांना हे सांगितलेले नाही. आपण पहिलेच.

डाव्या पायाचा केर अर्जदारानेच काढला आहे. उजव्याचा तिला काढायला लावू नये.

उत्तर दीड ओळीचेच असले तरी हरकत नाही, पण ते रविवारच्या आत यावे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
पेंटरची मुलगी,
झाडलोट व पुसपास, पॅरिश चर्च.

दिनांक : ११, गुरुवार, दुपारी. (सही करण्याआधी पुन्हा पाहून आली. आहे.)

सोबत :
१) चरित्र-पुस्तिका, पान अकरावर खूण केली आहे.
२) संतांनी एकच बूट दिल्याबाबत पॅरिश कौन्सिलचा ठराव, खरी नक्कल.
३) लग्नातला फोटो. मागची रांग, डावीकडून चौथी. दुसरी प्रत नाही, तरी पाहून झाल्यावर परत मिळावा.